बार जमिनीपासून किती वर? एका नवख्या ताईंच्या डेडलिफ्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या एका छोट्या जिममध्ये मी ट्रेनर आहे. हे प्रकरण तिथल्याच एका ताईंचं. त्यांना विचारूनच लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण वजनं, मापं आणि माझ्या चुका वहीत आहेत तशाच ठेवल्या आहेत.

ताई ४३ वर्षांच्या. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतात, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. माहेर निफाड तालुक्यातलं, कांद्या-द्राक्षांच्या घरातलं. दोन वर्षांपूर्वी गॅसचं सिलिंडर सरकवताना कमरेत उसण भरली आणि चार दिवस त्यांना धड उठता-बसता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गंभीर काही नाही, हालचाल चालू ठेवा. घरच्यांनी त्यातून एकच अर्थ घेतला: हिला जड उचलू द्यायचं नाही. तेव्हापासून सिलिंडर संपलं की मुलगा कॉलेजातून येईपर्यंत थांबायचं, आणि बादली भरायची तीही अर्धीच.

दिवाळीनंतर त्या जिमला आल्या. नाव लिहून घेताना मी विचारलं, वजन कमी करायचंय का? त्या म्हणाल्या, "सर, भरलेलं सिलिंडर माझं मला उचलता आलं पाहिजे. तेवढंच बघा."

घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो, आणि रिकाम्या टाकीचं वजन तेवढंच किंवा थोडं जास्त. म्हणजे भरलेलं सिलिंडर ३० किलोच्या आसपास. जमिनीवरची वस्तू नीट उचलायला शिकवणारा सगळ्यात सरळ व्यायाम डेडलिफ्ट: जमिनीवरचं वजन दोन्ही हातांनी धरून सरळ उभं राहायचं. महिनाभर हलके स्क्वॉट, रोइंग, प्लँक आणि चालणं करून घेतलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बार त्यांच्या हातात दिला. बार म्हणजे लोखंडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना वजनाच्या गोल चकत्या, म्हणजे प्लेट लावतात. २० किलोचा बार, दोन्ही बाजूंना ५-५ किलोच्या प्लेट, एकूण ३० किलो.

अडचण

३० किलो त्यांना जड नव्हते. पहिल्याच दिवशी पाच-पाच उचलींचे तीन सेट झाले. पण तिसऱ्या सेटला खालची पाठ ताठरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून दात घासताना कंबर धरली. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. बार नडगीपासून लांब जायचा. उचलताना आधी नितंब वर यायचे आणि मग पाठीच्या जोरावर बार ओढला जायचा.

मी बाजूला उभा राहून सूचना देत होतो: पाठ सरळ, छाती वर, समोर बघा, कंबर खाली, बार जवळ ठेवा. एका उचलीत पाच सूचना! ताई मन लावून ऐकणाऱ्या. पाचही पाळायला जायच्या आणि आणखी आखडायच्या. 'कंबर खाली' म्हटलं की पार उकिडवं बसल्यासारख्या खाली जायच्या. मग गुडघे पुढे येऊन बारला अडायचे, बार आणखी पुढे ढकलला जायचा.

डिसेंबरअखेर त्यांनी विचारलं, "सर, माझी कंबरच कमकुवत असेल का?" हा प्रश्न मला लागला. घरात दोन वर्षं जे ऐकत होत्या, तेच आता माझ्या हाताखाली शिकताना त्यांना खरं वाटू लागलं होतं.

पहिला निर्णय, जो चुकला

नवख्याचा फॉर्म, म्हणजे उचलण्याची पद्धत, बिघडला की वजन कमी करा, असं आम्हा ट्रेनर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं. मीही तेच केलं. ५ किलोच्या प्लेट काढून अडीचच्या लावल्या. एकूण २५ किलो.

फॉर्म आणखी बिघडला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा व्हिडिओ काढला, आणि हे महिनाभर उशिरा सुचलं याचं वाईट वाटतं. बाकावर पाण्याची बाटली ठेवली, तिला फोन टेकवला, कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणि बरोबर बाजूने. तिरका कोन घेतला की पाठीचा बाक आणि बारचा मार्ग दोन्ही फसवे दिसतात. मग आम्ही दोघांनी तो हळू वेगाने पाहिला. ताई म्हणाल्या, "अहो, मला तर वाटत होतं पाठ एकदम सरळ आहे!" पडद्यावर खालची पाठ बार हलायच्या आधीच गोल झालेली होती. उचलताना ती वाकत नव्हती. बारपर्यंत हात पोचवतानाच वाकत होती.

तिथे मला थांबावंसं वाटलं. बार हलायच्या आधीच पाठ गोल होत असेल तर प्रश्न ताकदीचा कसा असेल? तो अंतराचा असायला हवा. मी मोजपट्टी आणली.

आमच्याकडच्या प्लेट लोखंडी, साध्या. २० किलोच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर. १५ किलोची ३८, १० किलोची ३०, ५ किलोची २३ आणि अडीच किलोची १९. बार प्लेटच्या मधोमध असतो, म्हणून त्याची जमिनीपासूनची उंची व्यासाच्या निम्मी. २० किलोच्या प्लेट लावणाऱ्याला बार साडेबावीस सेंटीमीटरवर मिळतो. ताईंना तो साडेअकरावर मिळत होता, आणि मी वजन 'कमी' केलं तेव्हा साडेनऊवर गेला.

म्हणजे जिममधला सगळ्यात ताकदवान मुलगा बार वरून उचलत होता आणि सगळ्यात नवीन बाई तो घोट्याच्या पातळीवरून खेचत होती. एवढं खाली जायला मांडीच्या मागच्या स्नायूंची जी लवचीकता आणि खुब्याची जी हालचाल लागते, ती दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाकडे सहसा नसते. उरलेलं अंतर मग पाठ गोल होऊन भरून काढते.

साडेबावीस हा आकडा काही मानवी शरीरावरून आलेला नाही, हेही इथे सांगायला हवं. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर ठरलेला आहे, त्याचा तो अर्धा. एखाद्याची पाठ तेवढ्या उंचीवरही टिकत नसेल तर बार आणखी वर ठेवून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही.

समोरचे पर्याय

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंना बसवून सगळं मोकळेपणाने मांडलं. डेडलिफ्ट सोडून मशीनवर पाठीचे व्यायाम करणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. पण त्यातून सिलिंडर उचलायला शिकता आलं नसतं, आणि 'कंबर कमकुवत' हा समज कायमचा पक्का झाला असता. जिममधल्या एकाने कमरेला पट्टा बांधायला सुचवलं. पट्ट्यामुळे पोटाला दाब द्यायला आधार मिळतो, पण वाकण्याची पद्धत चुकलेली असेल तर ती सुधारत नाही. पाय फाकवून, हात गुडघ्यांच्या आत घेऊन करायचा सुमो डेडलिफ्ट मी गंभीरपणे तपासला. त्यात धड जास्त उभं राहतं, आणि काही शरीरांना तो खरंच जास्त मानवतो. ताईंच्या मांडीच्या आतल्या बाजूला लगेच ओढ बसली, म्हणून बाजूला ठेवला.

राहिला एक मार्ग: बार वर आणायचा, वाकणं पहिल्यापासून शिकवायचं आणि वजन वाढेल तसा बार आपोआप खाली येऊ द्यायचा. ताईंनी विचारलं, "वेळ किती लागेल?" मी म्हणालो, चार-पाच महिने. "मग लावा," एवढंच त्या म्हणाल्या.

काय केलं

*फळ्या*

वखारीतून दीड इंच जाडीची फळी आणून सहा तुकडे कापून घेतले. प्रत्येकाच्या दोन्ही कडांना बारीक पट्टी ठोकली, म्हणजे प्लेट गडगडत नाही. दीड इंच म्हणजे ३.८ सेंटीमीटर. ५ किलोच्या प्लेटखाली तीन-तीन फळ्या रचल्या की बार जवळजवळ २३ सेंटीमीटरवर येतो. १० किलोच्या प्लेटखाली दोन, १५ च्या खाली एक, आणि २० किलोच्या प्लेट लागल्या की फळीच नको. वहीत मी फक्त लिहिलं: तीन, दोन, एक, शून्य. हाच आमचा आराखडा झाला.

*वाकणं*

माझी दुसरी चूक इथे उघडी पडली, आणि ती शब्दाची होती. आपण मराठीत सर्रास 'कमरेत वाका' म्हणतो. सांगितलेलं मनापासून करणारा माणूस मग खरोखर कमरेतच वाकतो, म्हणजे खालच्या मणक्यांत. डेडलिफ्टमध्ये वाकायचं असतं खुब्यात, मांडीचं हाड जिथे कटीत बसतं त्या सांध्यात. त्या दिवसापासून 'कंबर' हा शब्द मी सूचनेतून काढून टाकला. एकच वाक्य ठेवलं: "खुबे मागे."

नेहमीचे दोन सराव दिले. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहायचं आणि गुडघे किंचित सैल ठेवून नितंब मागे नेत भिंतीला टेकवायचे. जमलं की पाऊल बोटभर पुढे सरकायचं. दुसरा काठीचा: काठी पाठीवर उभी धरायची, ती डोक्याचा मागचा भाग, खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकलेली हवी. वाकताना एकही जागा सुटली तर तिथेच थांबायचं.

तिसऱ्या दिवशी काठी पाठीवर असतानाच ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, कांद्याची लागण करताना आई अशीच वाकायची. पाय जागच्या जागी आणि सगळं वाकणं इथून." त्यांनी हात खुब्यावर ठेवला होता. रोप लावणाऱ्या बाया दिवसभर वाकून पाठ सरळच ठेवतात असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी त्यांच्याही पाठीचं काय होतं ते निफाडच्या कुठल्याही घरात विचारा. पण ताईंना ती जागा सापडली. पुढच्या वाकण्यात काठी तिन्ही ठिकाणी टेकून राहिली. माझ्या पाच सूचनांनी महिनाभरात जमलं नव्हतं, ते आईच्या आठवणीने एका मिनिटात जमलं.

*मांडणी*

बार पकडायची पद्धत एका-एका आठवड्याने एकेक गोष्ट घेत बसवली. पहिल्या आठवड्यात फक्त पावलं. बार बुटाच्या लेसच्या गाठीवर, म्हणजे पावलाच्या बरोबर मध्यावर यायला हवा, नडगीपासून दोन-तीन सेंटीमीटर दूर. ताईंचे पळायचे बूट जाड, मऊ तळाचे होते. त्यांत टाच दबून तोल पुढे जायचा, म्हणून ते काढून मोज्यांवरच रबरी मॅटवर उभं केलं. नंतर त्यांनी सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट घेतले.

दुसऱ्या आठवड्यात बगल. दोन्ही बगलांत वर्तमानपत्राची घडी धरली आहे आणि ती पडू द्यायची नाही, असं समजायचं. त्याने पाठीचे बाजूचे मोठे स्नायू कामाला लागतात आणि बार अंगाजवळ राहतो.

तिसऱ्या आठवड्यात मी सगळ्यात जास्त वेळ दिला तो बारमधला सैलपणा काढण्याला. प्लेटचं भोक आणि बार यांत थोडी मोकळी जागा असते. बार एकदम हिसकला की आधी ती जागा भरते, मग वजनाचा झटका बसतो आणि पाठ सुटते. त्याऐवजी हळूहळू ताण द्यायचा, बार प्लेटला आतून भिडल्याचा 'टक्' असा बारीक आवाज येईपर्यंत. त्यानंतरच पायांनी जमीन खाली ढकलायची. जानेवारीत सकाळी सहाला नाशिकच्या थंडीत बार हाताला बर्फासारखा लागतो आणि जिममध्ये आम्ही मोजून चौघं असतो. त्या शांततेत तो आवाज स्पष्ट ऐकू यायचा. ताई डोळे मिटून त्याची वाट बघायच्या. आवाज आला नाही तर बार सोडून पुन्हा पहिल्यापासून मांडणी.

श्वासाचं थोडक्यात: उचलण्याआधी पोटात श्वास भरून पोट चहूबाजूंनी घट्ट करायचं, वर उभं राहिल्यावर सोडायचा. श्वास रोखला की रक्तदाब काही क्षण वाढतो, म्हणून त्यांचा रक्तदाब आधी मोजून घेतला होता. ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

मंगळवारी आणि शुक्रवारी तीन-तीन उचलींचे पाच सेट. प्रत्येक वेळी बार फळीवर पूर्ण टेकवायचा, हात सैल करायचे, पुन्हा मांडणी करायची. वजन वाढवायची अट एकच: शेवटच्या सेटच्या व्हिडिओत खालच्या पाठीचा आकार पहिल्या सेटसारखाच हवा. फेब्रुवारीअखेर ४० किलो झाले, फळ्या दोनवर आल्या. सकाळची कंबरदुखी तोवर थांबली होती.

मार्चअखेरचा धक्का

अकाउंट्समधल्या माणसाचा मार्च कसा जातो ते सांगायला नको. त्या शुक्रवारी ताई सकाळऐवजी रात्री साडेआठला आल्या. आठवडाभर रोज बारा तास बसून काम आणि झोप जेमतेम पाच तास. मी विचारलं, जमेल ना? त्या "हो" म्हणाल्या आणि मी पुढचं विचारलं नाही. ४५ किलो लावले. तिसऱ्या सेटच्या दुसऱ्या उचलीत बार गुडघ्याशी असताना त्या थबकल्या आणि त्यांनी तो खाली सोडला. उसण.

त्यांच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा भीती जास्त होती. मी आधी विचारायचं ते विचारलं: कळ पायात उतरते का, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, पाऊल उचलायला जड जातंय का, लघवी-शौचावर ताबा आहे ना? यातलं काहीही असतं तर त्याच रात्री दवाखाना गाठायला हवा होता. सुदैवाने तसलं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं; स्नायू आखडलाय, झोपून राहू नका, सोसेल तेवढं चाला, असं सांगितलं. ताई इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चालल्या.

नऊ दिवसांनी त्या परत आल्या, तेव्हा पुन्हा एक निर्णय होता. घरून दबाव होता, "झालं ना, आता बंद कर." मी आग्रह केला नाही. आधीच्या शुक्रवारचा आणि त्या रात्रीचा, असे दोन्ही व्हिडिओ शेजारी-शेजारी दाखवले. फॉर्ममध्ये फारसा फरक नव्हता. फक्त त्या रात्री तिसऱ्या सेटला ताईंनी टक् आवाजाची वाट पाहिली नव्हती. नेमकं त्यामुळेच झालं असं ठामपणे म्हणता येणार नाही, अशी उसण नुसतं वाकूनही भरते. पण दमलेल्या माणसाकडून आधी सुटते ती मांडणी, हे दोघांनाही दिसलं. ताईंनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि फळ्या आणायला उठल्या. ३० किलो, तीन फळ्या.

निकाल

परतीचा प्रवास लवकर झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात ४५ किलोंवर आलो, महिनाअखेर ५० झाले आणि एकच फळी राहिली. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी, बाहेर पाऊस लागलेला असताना, बारला पहिल्यांदा २०-२० च्या प्लेट लागल्या. ६० किलो, म्हणजे ताईंच्या स्वतःच्या वजनाला एकच किलो कमी. फळी नाही. तीन उचली, तिन्ही वेळा 'टक्'.

सिलिंडर त्याआधीच, मे महिन्यात उचलून झालं होतं. त्यांनी ते मला मुद्दाम सांगितलं नाही, सहज बोलता-बोलता निघालं. सिलिंडर दोन पावलांच्या मध्ये घेतलं, वरची कडी दोन्ही हातांनी धरली, खुबे मागे नेले आणि उंबरठा ओलांडून आत ठेवलं. मुलगा शेजारच्या खोलीतच होता.

सगळं सुटलेलं नाही. ६० किलोच्या तिसऱ्या उचलीत पाठीचा वरचा भाग अजून थोडा गोल होतो, म्हणून आम्ही ऑगस्टपर्यंत याच वजनावर थांबणार आहोत. खूप वेळ बसल्यावर कंबर ताठरते, तीही पूर्ण गेली नाही. डेडलिफ्टने ती जाईल असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

आज पुन्हा केलं तर

व्हिडिओ पहिल्याच दिवशी काढेन. डिसेंबरचा अख्खा महिना मी डोळ्यांवर आणि आवाजावर भरवसा ठेवला आणि त्याची किंमत ताईंनी रोज सकाळी मोजली.

नवीन माणसाला बार देण्याआधी मोजपट्टी लावेन. आता रॅकच्या खांबाला ती कायमची टांगलेली आहे. बाजारात ५ किलोच्याच पण पूर्ण ४५ सेंटीमीटर व्यासाच्या प्लेट मिळतात, शिकणाऱ्यांसाठीच केलेल्या. मालकांकडे त्यांची मागणी मांडली आहे. त्या येईपर्यंत फळ्या आहेत. ज्यांच्या जिममध्ये तेही नाही त्यांनी पडून असलेल्या प्लेट दोन्ही बाजूंना आडव्या टाकून त्यांवर बारच्या प्लेट टेकवाव्यात, फक्त दोन्हीकडची उंची सारखी आहे ना ते बघावं.

मार्चमधल्या त्या रात्रीचा विचार मी अजून करतो. "जमेल ना?" या प्रश्नाला ताईंसारखं माणूस नेहमी "हो"च म्हणणार. आता मी विचारतो, काल किती तास झोपलात आणि आज किती तास बसलात? झोप सहा तासांच्या आत असेल तर त्या दिवशी फळी एक जास्त, वजन दहा किलो कमी आणि सेट तीनच. परवा ताईंनीच आल्या-आल्या सांगितलं, "सर, आज साडेपाच," आणि मी काही बोलायच्या आत फळी ठेवून मोकळ्या झाल्या.